वसंतांतील घरची बाग

पळस आणि पांगारा फुलले, पिंपळाला तांबूस पालवी फुटली, म्हणजे वसंत आल्याची वर्दी घरोघर पोंचते. अशा वेळीं हौशी गृहस्थाच्या मनांत सहजच येतें कीं, सारी सृष्टि नवी होत असतांना घरच्या बागेंतहि नवी लावणी करावी. बागकामावरील इंग्रजी पुस्तकेंहि बहुधा हाच सल्ला देतात. परंतु तो सल्ला थंड देशांना अनुसरून दिलेला असतो. तेथें हिवाळ्यांत गारठलेली जमीन वसंतांत ऊब धरूं लागते आणि पुढें सौम्य उन्हाळा येतो. दख्खनच्या पठारावर, मग तें पुणें असो वा सोलापूर असो, क्रम निराळा आहे. येथें वसंताच्या पाठोपाठ कडक उन्हाळा येतो, सोलापुरांत तर पारा ४० अंशांपलीकडे जातो, आणि खरा पाऊस जूनपर्यंत येत नाहीं. म्हणून येथील वसंतांतलें मुख्य काम लावणीचें नसून ओलावा राखण्याचें आहे.

मग मोठीं झाडें नेमक्या याच दिवसांत कशीं पालवतात, असा प्रश्न साहजिक आहे. त्यांचीं मुळें खोल गेलेलीं असतात आणि तेथील ओल त्यांना उन्हाळ्यांतहि मिळते. कुंडींतील रोपाच्या वांट्याला मात्र वीतभर माती येते. मातीची कुंडी चारी बाजूंनीं तापते आणि तिच्या सच्छिद्र अंगांतूनहि पाणी उडून जातें. यासाठीं फाल्गुन संपण्यापूर्वींच कुंड्या पश्चिमेच्या उन्हांतून हलवाव्या आणि सकाळचें ऊन व दुपारची सावली मिळेल अशा जागीं एकमेकींना लागून ठेवाव्या.

वाफ्यांत पाणी दिल्यावर वाफसा येतांच खुरप्यानें वरची पापडी फोडावी. काळ्या मातीला भेगा पडल्या कीं त्यांतून खालची ओलहि उडून जाते. कोळपणी म्हणजे अर्धें पाणी, असें शेतकरी म्हणतात तें याच अर्थानें. नंतर दोन-तीन इंच जाडीचा पाचोळा पसरावा. तो खोडाला मात्र भिडूं देऊं नये.

या दिवसांत पाचोळा विपुल पडतो आणि पुष्कळ ठिकाणीं तो जाळला जातो. ही मोठीच नासाडी होय. आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं इंदूर येथें काडीकचरा, शेण, गोमूत्रानें भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून खत करण्याची पद्धति सिद्ध केली व १९३१ मध्यें ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. ढीग ओलसर ठेवून अधूनमधून उलथल्यास सुमारें तीन महिन्यांत खत तयार होतें. होळीच्या सुमारास रचलेला ढीग पावसाळी लावणीला बरोबर उपयोगीं पडतो.

आतां एकेका झाडाची गोष्ट. थंडीच्या अखेरीस छाटलेल्या मोगऱ्याला या वेळीं शेणखत व भरपूर पाणी द्यावें. त्याचा बहर उन्हाळ्यांतलाच. गुलाबाची मुख्य छाटणी येथें ऑक्टोबरांत होते; वसंतांत त्याचीं सुकलेलीं फुलेंच तेवढीं काढावीं, कारण जोराच्या छाटणीनें फुटलेले कोवळे कोंब उन्हानें करपतात. शेवंतीचे जुने दांडे जमिनीलगत कापून बुडाशीं फुटलेले धुमारे अर्ध्या सावलींत जपावे. पुढल्या वर्षाचीं रोपें त्यांपासूनच होतात. हिवाळी फुलझाडांपैकीं उत्तम झाडांचें बीं पक्व झाल्यावर काढून, सुकवून, कोरड्या बाटलींत ठेवावें. पेरणीची हौस असल्यास भेंडी, गवार, काकडी, दोडका यांचें बीं किंवा झिनियासारखीं ऊन सोसणारीं फुलें लवकर पेरावीं. फळझाडांची लावणी पावसाळ्यावर सोडावी. खड्डे मात्र आतांच खणून उन्हानें तापूं द्यावे.

पाणी देण्याचीहि रीत आहे. रोज वरवर शिंपडल्यानें मुळें वरच्याच थरांत पसरतात व पहिल्या कडक उन्हांत झाड मान टाकतें. वाफ्यांतल्या झाडाला सकाळीं किंवा संध्याकाळीं, थोड्या दिवसांच्या अंतरानें, पण खोल मुरेल असें पाणी द्यावें. झाडाजवळ एक सच्छिद्र मातीचें मडकें गळ्यापर्यंत पुरून पाण्यानें भरून ठेवलें, तर माती कोरडी होईल तसतसें त्यांतून पाणी पाझरतें. भाज्या व तांदूळ धुतलेलें पाणीहि बागेकडे वळवावें.

वसंतांत हौसेनें लावलेल्या प्रत्येक रोपाला मे महिन्यांत पाणी लागतें आणि नेमक्या त्याच महिन्यांत शहरांतल्या नळाला तें कमी येतें. घरांतील माणसांना पुरून उरेल तेंच पाणी बागेचें. तेवढ्या पाण्यांत किती झाडें जगतील याचा हिशोब फाल्गुनांतच करून ठेवावा, आणि त्याहून एकहि अधिक लावूं नये. थोडींच झाडें असलीं तरी चालेल. मृगाची पहिली सर आली म्हणजे तींच जोमानें वाढूं लागतील.