झेंडा तिकडे, पाहुणा इकडे

माझी भाची न्यू जर्सीला असते. ऑगस्टमधल्या एका रविवारी तिचा फोन हमखास येतो, आणि मागे ढोलांचा एवढा गजर असतो, की निम्मं बोलणं कळतच नाही. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर आपल्या स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक निघते. 1981 पासूनची ही प्रथा.

2024 साली तिने ऑफिसातल्या अमेरिकन मैत्रिणीला आणि तिच्या आईला सोबत नेलं. "तुझं गाव कुठलं?" असं त्यांनी विचारल्यावर हिने मोबाईलवर वेरूळचं कैलास लेणं दाखवलं. झालं! डिसेंबरात तिघी आमच्या दारात हजर.

राष्ट्रीय सण ही देशाची उत्तम जाहिरात असते, हे आयर्लंडने केव्हाच ओळखलंय. 17 मार्चच्या सेंट पॅट्रिक दिनानिमित्त जगभरच्या नामांकित इमारती हिरव्या दिव्यांनी उजळतात. 2010 मध्ये सिडनीच्या ऑपेरा हाऊसपासून त्यांनी ही सुरुवात केली. आपल्या सरकारनेही मार्च 2024 मध्ये 'चलो इंडिया' म्हणत परदेशातल्या भारतीयांना साकडं घातलं, की प्रत्येकाने निदान पाच परदेशी मित्रांना भारत बघायला पाठवा. आमच्या भाचीने दोघींना तर आणलंच.

वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. त्यामुळे वार जुळवून आधी वेरूळ दाखवलं, मग अजिंठ्याला निघालो. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. सिल्लोड मागे पडलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या आईंनी पाण्याच्या बाटलीला हातच लावलेला नाही. वाटेत एका हॉटेलात थांबलो होतो, तिथल्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं. आत कांद्याची पोती रचलेली. म्हणून बाईंनी पाणीच बंद केलं.

मैत्रिणींनो, ही युक्ती कुणाची? आपलीच ना! एसटीने माहेरी जाताना, लग्नाला जाताना आपण दुसरं काय करतो? पण साता समुद्रापलीकडून आलेल्या बाईलाही दोन दिवसांत ती शिकावी लागली, याची मला लाज वाटली.

गाडी थांबवून रस्त्यालगतच्या एका घरात विचारलं. तिथल्या ताईंनी बादली भरून ठेवली, नवा साबण काढून दिला, वर निघताना चहा पाजला. मी पैसे काढले, तर म्हणाल्या, "पाहुण्याकडून पैसे घेत असतेत का बाई?"

लेण्यांवर आमचं तिकीट 40 रुपये, पाहुण्यांचं 600. त्यांनी एका शब्दाने कुरकुर केली नाही. भिंतींवरची चित्रं बघून त्या आईंचे डोळे भरून आले होते.

2025 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा भाचीचा फोन आला. तो गजर, त्या आई शेजारीच. त्या म्हणाल्या, "माझ्या मैत्रिणींना यायचंय गं, पण त्यांचा पहिला प्रश्न असतो, वाटेत बाथरूम आहे का? काय सांगू?"

मला उत्तर देता आलं नाही.

तिकडे झेंडा फडकवून पाहुणा बोलावता येतो. तो दुसऱ्यांदा येणार की नाही, ते मात्र इकडे ठरतं. आणि 15 ऑगस्ट आपल्याकडेही असतोच की! त्या दिवशी झेंडावंदन झालं, की ग्रामसभा भरते, आणि ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. आपण तिथे सही करून घरी येतो. यंदा जरा बसा. रस्त्यावरच्या स्वच्छतागृहाचा विषय मांडा, पाणी आणि झाडलोट कोण बघणार तेही लिहून घ्या. बचत गटाने ते चालवायला घेतलं, तर शेजारी चहा-भाकरीही विकता येईल. पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्या महिलांसाठी राज्य सरकारचं 2023 चं 'आई' धोरण आहे. त्यात 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळतो. चौकशी तर करा.

पाहुण्यांचं राहू द्या, बायांनो. निदान आपल्याला तरी माहेरी जाताना घोटभर पाणी पिता येईल.