रील बघून कारवानी कुत्रं किंवा घोडं घ्यायचा विचार करताय? आधी जातीचा आणि स्वभावाचा हिशोब समजून घ्या

पावसाळा सरला की सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर एक चित्र हमखास दिसतं. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यातले धनगर चाऱ्याच्या शोधात मेंढरं घेऊन निघालेले असतात. सोबत एक-दोन घोडी. त्यांच्या पाठीवर भांडीकुंडी, मेंढरं कोंडायची वाघर आणि चालून दमलेली कोकरं. बाजूनं मान खाली घालून चालणारी कुत्री.

मग कुणीतरी गाडी थांबवून व्हिडिओ काढतं. खाली कमेंट येतात, "भावा, कुठली जात? केवढ्याला मिळंल?"

प्रश्न इथूनच सुरू होतो. जात कळली म्हणजे स्वभाव कळला असं होतं का? विषय जरा सविस्तर बघू.

आधी घोड्याचं बघू

धनगरांसोबत दिसणारं हे बुटकं, काटक घोडं म्हणजे बऱ्याचदा भीमथडी. थडी म्हणजे नदीचा काठ, म्हणून भीमेच्या काठचं ते भीमथडी. मराठ्यांच्या घोडदळात याच दख्खनी तट्टांचा मोठा वाटा होता. राजा बढे यांनी लिहिलेल्या आणि 2023 मध्ये राज्यगीत झालेल्या गाण्यातही या तट्टांचा उल्लेख आहे.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं आता भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आहे. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी वगैरे सात जातींनंतर ही देशातली आठवी नोंदणीकृत घोड्याची जात.

या घोड्याचा स्वभाव त्याच्या कामातून घडला. ओझं घेऊन रोज मैलोन् मैल चालायचं, कमी चाऱ्यावर भागवायचं, पाठीवर कोकरू ओरडलं तरी बुजायचं नाही. जे घोडं लाथा झाडतं, ते वाड्यावर टिकत नाही. अशी निवड पिढ्यान् पिढ्या होत आली. याउलट मारवाडी घोडं युद्धासाठी आणि स्वारीसाठी जोपासलेलं. ते तल्लख आणि तेज असतं. ज्यानं कधी लगाम धरला नाही, त्यानं पहिलंच घोडं म्हणून ते घेतलं तर दोघांचेही हाल.

आता कारवानीचं

कारवानी म्हणा, मुधोळ म्हणा किंवा कॅरव्हान हाउंड म्हणा. अंगावर रेशमी केस असले तर पश्मी म्हणा. मुधोळ हे आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात असलेलं घोरपडे घराण्याचं जुनं संस्थान. तिथल्या राजांनी या कुत्र्यांची पैदास वाढवली. 2005 मध्ये टपाल खात्यानं मुधोळवर तिकीट काढलं. ऑगस्ट 2020 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतलं आणि मागणी आणखी वाढली.

पण हे कुत्रं नजरेवर शिकार करणारं आहे. लांबवर काही पळताना दिसलं की ते सुटतं. मग ते ससा असो, शेजाऱ्याचं मांजर असो किंवा स्कूटर. घरच्यांना जीव लावतं, पण अनोळखी माणसानं अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. आणि फासळ्या दिसतात म्हणून ते उपाशी आहे असं समजू नका, त्याची अंगकाठीच तशी असते.

अशा कुत्र्याला फ्लॅटच्या बाल्कनीत दिवसभर साखळीला बांधलं की ते भुंकतं, चप्पल-सोफा फाडतं, कधी चावतं. मग मालक म्हणतो, "जातच खराब." आणि एक दिवस ते हायवेला सोडलेलं सापडतं.

मग जातीवरून स्वभाव ठरतो की नाही?

थोडा ठरतो, पण आपण समजतो तेवढा नाही. 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. 18 हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले गेले आणि 2,155 कुत्र्यांची जनुकं तपासली गेली. निष्कर्ष असा की कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला फक्त 9 टक्क्यांच्या आसपास फरक जातीवरून सांगता येतो. बाकी त्या कुत्र्याची स्वतःची प्रकृती, वय, संगोपन आणि अनुभव.

म्हणजे जात कल सांगते, खात्री देत नाही. पिल्लाचे साधारण 3 ते 14 आठवडे सगळ्यात महत्त्वाचे असतात. या काळात त्यानं माणसं, मुलं, गाड्या, इतर जनावरं बघितली तर पुढं ते घाबरत नाही. आणि बरीच कुत्री चावतात ती भीतीपोटीच.

घोडं आणि कुत्रं एकत्र नांदतं कसं?

खरं तर हे अवघड आहे. कुत्रं शिकारी, घोडं शिकार होणारं. घोड्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, पण शेपटीच्या बरोबर मागचं आणि नाकाच्या अगदी पुढचं दिसत नाही. मागून काही धावलं की ते आधी लाथ मारतं, विचार नंतर करतं. धनगरांच्या वाड्यावर हे जमतं, कारण पिल्लू आणि शिंगरू दोघंही पहिल्या दिवसापासून एकमेकांचा वास घेत वाढतात.

सवयीची ताकद बघायची तर फलटण तालुक्यातलं चांदोबाचा लिंब इथलं उभं रिंगण बघा. माउलींचे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून सांगली, साताऱ्यातून चालत आळंदीला जातात आणि पुढं वारीत सामील होतात. टाळ-मृदंगाच्या गजरात, हजारो वारकऱ्यांच्या मधून ते धावतात. कुठलंही नवखं घोडं तिथं उधळलं असतं. ही करामत एकट्या जातीची नाही, त्यामागं सराव आहे आणि सांभाळणाऱ्यांचा विश्वास आहे.

घ्यायच्या आधी एवढं बघा

पिल्लू घेताना त्याची आई बघा. ती माणसाला बघून अंग चोरत असेल किंवा अंगावर येत असेल तर थांबा. कारवानीला रोज मोकळं पळायला कुंपण घातलेली जागा लागते, ती आहे का ते बघा. घोडं घेताना विक्रेत्यालाच खोगीर घालून बसायला सांगा आणि पाय उचलून दाखवायला लावा. खुरं कोण बघणार आणि जवळ घोड्याचं कळणारा पशुवैद्य आहे का, हेही आधीच विचारा.

आणि सशामागं कुत्री सोडून रील करायचा मोह टाळा. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सशाची शिकार गुन्हा आहे, आणि पुरावा तुम्ही स्वतःच अपलोड केलेला असतो.

घोडं पंचवीस वर्षं जगू शकतं, कुत्रं बारा-तेरा. एवढी वर्षं रोज सकाळी त्याच्यासाठी उठायची तयारी असेल तर त्याच्यासारखा आनंद नाही. नसेल तर पुढच्या वेळी वाडा दिसला की गाडी बाजूला घ्या, राम राम घाला आणि जनावरांबद्दल दोन गोष्टी विचारा. रीलमध्ये कळणार नाही एवढं तिथं कळेल.