न दुखणारी गाठ
स्नान करीत असता किंवा कपडे बदलीत असता स्त्रीच्या बोटांना स्तनात एखादी गाठ लागते. ती दुखत नाही, तिच्यामुळे कोणतेही काम अडत नाही, आणि नेमक्या याच कारणास्तव वर्षाचे धान्य भरणे, मुलांच्या परीक्षा, नणंदेचे बाळंतपण अशी एकामागून एक निमित्ते पुढे येऊन तिची तपासणी महिनोन्महिने लांबणीवर पडते. ‘दुखत नाही ना, मग राहू दे,’ हे वाक्य आपल्या घरांतून इतक्या सहजतेने उच्चारले जाते की, त्याने किती अनर्थ ओढवला असेल याचा विचारही कोणाच्या मनास शिवत नाही. वस्तुतः स्तनाचा कर्करोग आरंभी बहुधा दुखतच नाही. उलट पाळीच्या आधी ठणकणारे आणि पाळीनंतर ओसरणारे दुखणे बहुतांशी निरुपद्रवी असते.

यावरून प्रत्येक गाठ म्हणजे कर्करोग असे मात्र कोणी समजू नये. दहा गाठींपैकी आठ-नऊ साध्याच निघतात: तरुण मुलींत बोटांखालून निसटणारी फायब्रोॲडेनोमाची गाठ, चाळिशीच्या आसपास पाण्याने भरलेली सिस्ट, अंगावर पाजणाऱ्या मातेस दूध साकळून आलेला कठीणपणा. परंतु साधी कोणती आणि घातक कोणती, याचा निवाडा घरातील वडीलधाऱ्या बाईने हात लावून करावयाचा नसतो. निष्णात शल्यचिकित्सकही तो केवळ हाताने करीत नाही.

तपासणीत काय घडते याचे अज्ञान भीतीत भर घालीत असल्यामुळे ते तपशिलाने सांगणे इष्ट. डॉक्टर प्रथम बसवून, हात वर घ्यावयास सांगून, दोन्ही स्तन न्याहाळतात: कातडीला खळी पडते काय, ती जाड होऊन तिच्यावर बारीक छिद्रे दिसतात काय, स्तनाग्र अलीकडे आत ओढले गेले आहे काय, त्यातून रक्तमिश्रित स्राव येतो काय. मग उताणे निजवून, बोटांच्या सपाट भागाने स्तनाचा प्रत्येक भाग आणि त्यानंतर काख चाचपतात. हे काही मिनिटांचे काम. पुढे तरुण वयात सोनोग्राफी, आणि साधारणतः चाळिशीनंतर तिच्या जोडीला मॅमोग्राफी. तीत दोन तबकड्यांमध्ये स्तन काही क्षण दाबला जातो आणि तो दाब अप्रिय असतो, हे लपविण्यात अर्थ नाही. शंका उरलीच तर जागा बधिर करून, ‘टक्’ असा आवाज करणाऱ्या सुईने शेवईच्या तुकड्याएवढे नमुने काढले जातात. सुई लावली की रोग अंगभर पसरतो, ही समजूत सुशिक्षित कुटुंबांतही घट्ट रुजलेली आहे. ती निराधार आहे. उलट सुई टाळून गाठ परस्पर कापून काढण्याची घाई केली, तर पुढील उपचारांची आखणीच बिघडते.

पुरुष डॉक्टरापुढे उघडे होण्याच्या संकोचाची जे टिंगल करतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. स्त्रियांना स्त्री-वैद्य हवी या जाणिवेनेच आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या, आणि त्याच गरजेपोटी १८८६ साली मुंबईत कामा रुग्णालय उघडले. स्त्री डॉक्टर मागण्याची, निदान तपासणीच्या वेळी परिचारिका किंवा सोबतची बाई खोलीत असावी असे सांगण्याची मुभा प्रत्येकीस आहे, आणि ती तिने निःशंकपणे वापरावी.

नुसत्या हाताच्या तपासणीचेही मोल काय, हे मुंबईतच दिसून आले आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांत राहणाऱ्या, ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे मागोवा घेतला. त्यांच्यातील एका गटास, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी तपाशीत. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा असे आढळले की, या गटात रोग तुलनेने आधीच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत त्याने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र तशी घट दिसली नाही.

लवकर सापडलेल्या रोगात पुष्कळदा केवळ गाठ काढून व किरणोपचार देऊन स्तन राखता येतो, हे ठाऊक नसल्यामुळे ‘सगळेच कापून टाकतील’ या धास्तीने कित्येकजणी गप्प राहतात. त्या गप्प राहतात तेव्हा दोष त्यांच्या एकट्यांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. घरातील कर्त्या माणसाने ‘उद्या आपण जाऊन येऊ’ एवढे म्हटले असते, तर दिरंगाई टळली असती. खर्चाची विवंचना असेल तर सरकारी रुग्णालय आहे, आणि रोग निघालाच तर उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी जरूर करावी. गाठ साधी ठरली तरी अहवालाचे कागद जपून ठेवावेत, डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत पुन्हा दाखवावे, आणि ती वाढली किंवा दुसरी लागली, तर पहिल्या निर्वाळ्यावर विसंबून न राहता नव्याने तपासून घ्यावे.