तात्पुरत्या कॅपखालची कळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रायपूर शहराच्या उत्तर अंगाला, बिलासपूर मार्गावर असलेली भनपुरी ही कारखान्यांची वस्ती आहे. पाळ्यांमध्ये राबणाऱ्या माणसाला दाताच्या उपचारासाठी पुन्हापुन्हा रजा मिळणे अवघड असते. त्यामुळे दात यंत्राने घासून तात्पुरती कॅप बसवल्यानंतर पक्की कॅप तयार होईपर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांत जे दुखते, त्याचा अर्थ दंतवैद्याला न विचारता परस्परच लावला जातो. या काळातले बरेचसे दुखणे निरुपद्रवी असते, थोडे धोक्याचे असते, आणि कळ कशाने येते व किती वेळ टिकते एवढ्याकडे नीट लक्ष दिले, तर या दोहोंतला फरक रुग्णाला स्वतःलाही बराचसा ओळखता येतो.

कॅप बसवल्यावर दात दुखू लागला म्हणजे काम बिघडले, हा सर्वांत रूढ समज आहे. दाताचे सर्वांत बाहेरचे कठीण कवच म्हणजे एनॅमल, त्याखालचा पिवळसर थर म्हणजे डेंटिन आणि मधल्या पोकळीतला रक्तवाहिन्या व मज्जातंतूंनी भरलेला मऊ भाग म्हणजे मगज, ज्याला बोलण्यात ‘नस’ म्हटले जाते. कॅपला जागा व्हावी म्हणून दाढ चावण्याच्या बाजूने साधारण दीड ते दोन मिलिमीटर आणि कडांनी एक ते दीड मिलिमीटर घासली जाते, तेव्हा एनॅमल जवळजवळ सगळे निघून जाते आणि डेंटिन उघडे पडते. या डेंटिनमध्ये बाहेरून मगजाकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म नलिका असतात. बाहेरच्या भागात त्यांची संख्या दर चौरस मिलिमीटरला पंधरा-वीस हजारांच्या घरात असते, मगजाजवळ ती ४५ हजारांच्याही पुढे जाते. नलिकांमधला द्रव थंडाने, वाऱ्याने किंवा गोडाने हलला की आतला मज्जातंतू चाळवला जातो आणि सळक उठते; स्वीडनचे संशोधक ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात प्रयोगांनी दृढ केलेली ही उपपत्ती आज सर्वमान्य आहे. त्यात घासण्याच्या यंत्राची उष्णता, दात कोरडा करणारी हवेची फवारणी आणि तात्पुरती कॅप तोंडातच घडवली असेल तर अ‍ॅक्रिलिक घट्ट होताना निघणारी ऊब यांची भर पडते, आणि मगजाला काही काळ सूज येते. पुढच्या भेटीत कॅप सहज काढता यावी म्हणून ती मुद्दाम कमी ताकदीच्या सिमेंटने चिकटवतात. तिच्या कडाही पक्क्या कॅपइतक्या काटेकोर बसत नाहीत, आणि त्या फटीतून पाणी झिरपते. रायपुरात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, बर्फाच्या पाण्याशिवाय जिवाला बरे वाटत नाही, आणि तेच पाणी या दाताला सर्वांत जास्त झोंबते. कळ थंडाने उठून काही सेकंदांत मावळत असेल आणि दिवसागणिक सौम्य होत असेल, तर ती दात जिवंत असल्याची खूण आहे, बिघाडाची नव्हे.

याच्या उलट टोकाला असलेला समज असा, की रूट कॅनाल झालेल्या दाताला कॅप घातली तर तो दुखूच शकत नाही, कारण त्यात नसच उरलेली नसते. थंड-गरमापुरते हे बरोबर आहे, आणि म्हणूनच अशा दाताला थंड लागते असे वाटल्यास बहुधा शेजारचा दात किंवा क्वचित उपचारात सुटून गेलेली मुळातली एखादी वाहिनी तपासावी लागते. चावताना होणारे दुखणे मात्र वेगळे असते, कारण दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामधले तंतूंचे अस्तर रूट कॅनालनंतरही जिवंतच राहते आणि दाब कळतो तो त्यालाच. कॅप केसभर जरी उंच राहिली, तरी प्रत्येक घासाचा दाब आधी तिच्यावर येतो आणि हे अस्तर सुजते. ‘चावून चावून बसेल’ म्हणून धीर धरणारे पुष्कळ असतात. अ‍ॅक्रिलिक झिजते हे खरे, पण ते झिजेपर्यंत दात हुळहुळा होऊन बसतो, आणि झोपेत दात खाण्याची सवय असेल तर त्रास दुप्पट होतो. रंगीत कागद चावायला देऊन उंच जागा शोधणे आणि ती घासून टाकणे हे दंतवैद्याचे काही मिनिटांचे काम आहे, त्यासाठी आठवडाभर सोसण्याचे काहीच कारण नाही.

औषधांबाबतचे गैरसमज अधिक हानी करतात. औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या चार गोळ्या आणून घेणे ही सर्रास चाललेली गोष्ट आहे. वास्तविक मगजाच्या सुजेवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही, आणि अमेरिकेच्या दंतवैद्यक संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही अशा दुखण्यात ती सामान्यतः देऊ नयेत असेच सांगितले आहे. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन यांनी आराम पडतो. मात्र पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, गर्भावस्था, रक्त पातळ करणारी औषधे किंवा डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन परस्पर घेऊ नये. दुखण्याची गोळी हिरडीशी दाबून धरल्याने दात शमत नाही, तिथली त्वचा मात्र भाजते, आणि निव्वळ लवंगतेलाचेही तसेच होते. लवंगेतील युजेनॉल हा घटक काही तात्पुरत्या सिमेंटांत असतोच. पण पक्की कॅप रेझिन जातीच्या सिमेंटने बसवायची असेल तर तोच घटक ते सिमेंट घट्ट होण्यात अडथळा आणू शकतो, म्हणून लवंगतेल लावले असल्यास दंतवैद्याला तसे सांगावे.

सर्वांत घातक गैरसमज हा, की दुखणे थांबले म्हणजे दात बरा झाला. हळूहळू ओसरलेल्या कळेबद्दल तसे म्हणता येते. पण आपोआप उठणारा, रात्री झोप मोडणारा, गरमाने वाढणारा आणि एकदा सुरू झाला की मिनिटेच्या मिनिटे रेंगाळणारा ठणका मगजाची सूज परतीच्या पलीकडे गेल्याचे सांगत असतो, आणि असा ठणका एके दिवशी अचानक थांबला तर मगज मेल्याची शक्यता अधिक असते. मेलेल्या मगजातला जंतुसंसर्ग मुळाच्या टोकाशी गाजावाजा न करता पसरतो व महिन्यांनी गळू होऊन वर येतो. कॅप घातलेल्या जिवंत दातांचे काही प्रमाणात असे होणारच, हे आधीच सांगितले गेले पाहिजे: हाँगकाँगमध्ये केलेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत एकेकट्या कॅपखालचे सुमारे ८४ टक्के मगज दहा वर्षांनंतरही जिवंत आढळले, म्हणजे उरलेले तसे राहिले नाहीत, आणि त्यातल्या प्रत्येक वेळी दोष दंतवैद्याचाच होता असे मानणे अन्यायाचे ठरेल.

तात्पुरती कॅप न दुखता महिनोन्‌महिने टिकली तर पक्कीचा खर्च कशाला, असाही एक विचार असतो. रजा आणि पैसा दोन्हींची ओढाताण असलेल्या घरात तो सुचणे स्वाभाविक आहे. परंतु सिमेंट विरघळत जाते, फटीतून कीड शिरते, आणि कॅपखाली ती दिसतही नाही. कॅप निसटून पडली तर घासलेला दात काही दिवसांतच किंचित सरकू शकतो आणि तयार झालेली पक्की कॅप मग बसत नाही. पडलेली कॅप जपून ठेवून त्याच दिवशी दंतवैद्याला कळवावे आणि ती घरगुती गोंदाने कदापि चिकटवू नये. चिक्की, ठेठरी, सुपारी हे त्या बाजूने टाळावे, आणि दातांमधल्या फटी साफ करण्याचा धागा वर न ओढता कडेने काढावा.

ज्याचे काम आम्लाच्या वाफेशी आहे, जसे लोखंड आम्लात धुण्याचे किंवा बॅटरीचे, त्याच्या इतर दातांचेही एनॅमल झिजलेले असू शकते आणि कळ नेमकी कोणत्या दाताची हे ओळखणे त्यामुळे कठीण जाते. अशा कामगाराने आपल्या कामाचे स्वरूप पहिल्याच भेटीत सांगावे. गालावर किंवा जबड्याखाली सूज, ताप, पू, तोंड उघडायला त्रास यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दंतवैद्याकडे किंवा रायपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जावे. गिळताना किंवा श्वास घेताना अडचण वाटली तर थेट मोठ्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा. एरवी पाळी बदलून घ्यावी लागली तरी चालेल, पण पक्की कॅप बसवण्याची ठरलेली तारीख चुकवू नये.