दोनशे वर्षं थांबलात कशाला, राजेसाहेब?

भुताखेतांचे सिनेमे काढणाऱ्या रामसे बंधूंपैकी तुलसी २०१८च्या डिसेंबरात गेले, श्याम २०१९च्या सप्टेंबरात. तेव्हा आमच्याकडे फारसं कुणी हळहळलं नाही. आता मोबाइलवर अर्ध्या मिनिटात त्यांच्या सिनेमांतल्या चुका दाखवणारी पोरं पाहिली की डोकं फिरतं. बाबांनो, त्या चुका आम्ही सिल्लोडला तेव्हाच काढल्यात, तिकीट काढून!

रामसेंच्या आधीचे भुताचे सिनेमे म्हणजे ‘महल’ (१९४९), ‘बीस साल बाद’ (१९६२), ‘वह कौन थी’ (१९६४) यांची गाणी गोड. पण शेवटी भूत म्हणजे माणूसच निघायचा. पैसे पाण्यात.

आमचं दशक सुरू झालं रामसेंच्या १९८४च्या ‘पुराना मंदिर’पासून. त्यात सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं राजा छाटतो, धड देवळामागे पुरतो आणि मुंडकं पेटीत घालून हवेलीत जपतो! “आरं, जाळून टाक ना!” मागून कुणीतरी ओरडायचंच. दोनशे वर्षांनी अखेर तेच करतात. पडक्या हवेल्यांतले दिवे कोण पेटवतं, हा प्रश्न रॉकेलच्या रांगेत उभं राहणाऱ्यांना पडणारच. भूत रमतगमत चालणार, तरी पळणारी नायिका त्याच्याच हाती लागणार. सामरी झालेला अजय अग्रवाल रुरकीचा सिव्हिल इंजिनिअर. भिंत कशी पडते, हे निदान त्याला तरी ठाऊक होतं.

सामरीचा शाप मात्र असा : या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. तिथं कुणी हसत नसे. तसं मरण तालुक्यातल्या कितीतरी घरांनी पाहिलं होतं. त्याला सामरी लागत नव्हता, चिखलात रुतलेली बैलगाडी पुरे होती. या सिनेमांना कचरा म्हणणाऱ्या शहरी समीक्षकांना हे कधी दिसलं नाही.

१९९३ साली ‘झपाटलेला’ आला. बाहुला गावभर हिंडतो आणि कुणाच्या नजरेस पडत नाही, तेही आम्ही चालवून घेतलं. त्याच वर्षी टीव्हीवरच्या ‘झी हॉरर शो’नं भूत घरात आणून बसवलं आणि जाहिरातींच्या मधल्या वेळात त्याला मारलं.

आता भुतांचेही गोतावळे झालेत. २०२४चे ‘मुंज्या’ आणि ‘स्त्री २’ एकाच घराण्यातले. प्रत्येक भुताला पूर्वकथा, प्रत्येक प्रश्नाला खुलासा. ओरडायला जागाच ठेवलेली नाही.

चुका काढा, जरूर काढा. पण आधी मोबाइल खिशात ठेवा आणि चार जणांत बसून अख्खा सिनेमा बघा.