नांवावरून संशय

परदेशच्या एखाद्या मोठ्या विमानतळावर आपण रांगेंत उभे आहांत अशी कल्पना करा. आपल्या पुढें वीस-बावीस वर्षांचे दोन विद्यार्थी आहेत. दोघेहि एकाच विद्यापीठांत शिकणारे, एकाच सुट्टीसाठीं निघालेले. पहिल्याचा पासपोर्ट अधिकाऱ्यानें उघडला, त्यावर शिक्का मारला आणि तो परत दिला. दुसऱ्याचा उघडला, नांवावर क्षणभर बोट टेकलें, आणि त्या विद्यार्थ्याला शेजारच्या खोलीकडे वळविण्यांत आलें. "विशेष कांहीं नाहीं, सहज निवड आहे," असें त्याला सांगण्यांत आलें. परंतु मागच्या तीन प्रवासांतहि ही सहज निवड त्याचीच झाली होती. त्याचें नांव मुसलमानी आहे, एवढाच त्या दोघांतला दिसण्याजोगा फरक.

आजच्या भाषणांत मला या दुसऱ्या विद्यार्थ्याविषयीं बोलावयाचें आहे. प्रसंग काल्पनिक आहे. परंतु तो ज्या घटनांवरून रचला आहे त्या खऱ्या आहेत, आणि त्यांतील कांहीं न्यायालयांच्या दप्तरीं नोंदलेल्या आहेत.

इंग्रजींत या प्रकाराला 'रेशल प्रोफायलिंग' असें म्हणतात. मराठींत 'जन्मावरून संशय' असें म्हटलें म्हणजे त्याचा अर्थ पुरता ध्यानांत येतो. येथें आरंभींच एक भेद केला पाहिजे. एखादी चोरी झाली, साक्षीदारानें चोर उंच, दाढीवाला व उजव्या पायानें लंगडणारा होता असें सांगितलें, आणि पोलिसांनीं तशा इसमाचा शोध घेतला, तर त्यांत गैर कांहीं नाहीं. तें वर्णन एका माणसाचें आहे. परंतु गुन्हा घडलेला नसतां, किंवा गुन्हेगाराचा कांहींच माग लागलेला नसतां, अमुक धर्माच्या वा अमुक वर्णाच्या साऱ्या माणसांकडे संशयानें पाहूं लागलें, म्हणजे तें वर्णन एका माणसाचें न राहतां एका समाजाचें होतें. प्रवासी काय करतो हा प्रश्न मग मागें पडतो आणि तो कोणाच्या पोटीं जन्मला हा प्रश्न पुढें येतो.

हा सारा प्रकार २००१ सालच्या न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर सुरू झाला अशी समजूत आहे. ती पूर्णपणें खरी नाहीं. १९ एप्रिल १९९५ रोजीं अमेरिकेंतील ओक्लाहोमा शहरांत एक सरकारी इमारत स्फोटानें उडविण्यांत आली व १६८ माणसें मृत्युमुखीं पडलीं. हें कृत्य मध्यपूर्वेंतील कोणाचें तरी असावें असें अनेकांनीं चौकशीपूर्वींच ठरवून टाकलें. त्या शहरांत राहणारा, जॉर्डनहून येऊन अमेरिकेचा नागरिक झालेला एक गृहस्थ त्याच दिवशीं जॉर्डनला जाण्यास निघाला होता. त्याला वाटेंत अडवून प्रश्न विचारण्यांत आले, लंडनला पुन्हां अडविण्यांत आलें आणि तेथून अमेरिकेस परत पाठविण्यांत आलें. त्याचा या कृत्याशीं कसलाहि संबंध नव्हता. खरा गुन्हेगार टिमोथी मॅक्व्हे हा अमेरिकन सैन्यांतील माजी शिपाई होता. स्फोटानंतर सुमारें दीड तासांतच तो रस्त्यावरील एका पोलिसाच्या हातीं लागला होता. आणि तोहि कशामुळें, तर त्याच्या मोटारीला नंबराची पाटी नव्हती म्हणून! चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. येथें चोर सांपडला तो त्याच्या करणीवरून आणि संन्यासी अडकला तो त्याच्या नांवावरून.

सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांत सुमारें तीन हजार माणसें मेलीं. त्यानंतर अमेरिकेंत पसरलेलें भय अकारण होतें असें कोणीहि म्हणणार नाहीं. परंतु भयाच्या पोटीं जे नियम जन्मतात ते शहाणपणाचेच असतात असें नाहीं. २००२ सालीं अमेरिकन सरकारनें परदेशी पुरुषांची एक खास नोंदणी सुरू केली. शिक्षण, नोकरी किंवा प्रवास यांसाठीं आलेल्या, सोळा वर्षांवरील पुरुषांनीं कचेरींत जावयाचें, बोटांचे ठसे व छायाचित्र द्यावयाचें आणि प्रश्नांना उत्तरें द्यावयाचीं, असा तो नियम होता. तो २५ देशांच्या नागरिकांना लागू होता. उत्तर कोरिया सोडल्यास ते जवळजवळ सारे मुस्लिम बहुसंख्येचे देश होते. देशांत राहणाऱ्या ८० हजारांहून अधिक लोकांनीं अशी नोंद केली आणि त्यांतील १३ हजारांहून अधिकांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली. ज्या दहशतवाद्यांना शोधण्यासाठीं हा खटाटोप होता, त्यांपैकीं एकालाहि या नोंदणीमुळें शिक्षा झाल्याचें उदाहरण पुढें आलें नाहीं. २०११ सालीं ही नोंदणी थांबविण्यांत आली आणि डिसेंबर २०१६ मध्यें तिचे नियमहि रद्द झाले.

नोंदणी थांबली, परंतु याद्या राहिल्या. ज्यांना विमानांत बसूं द्यावयाचें नाहीं त्यांची एक यादी असते, आणि ज्यांची अधिक कसून तपासणी करावयाची त्यांची दुसरी. दुसऱ्या यादींतील प्रवाशाच्या बोर्डिंग पासवर इंग्रजी 'एस' हें अक्षर चार वेळां छापलेलें असतें. त्याला तो पास घरबसल्या मिळत नाहीं. खिडकीशीं जाऊन घ्यावा लागतो. मग सामान उघडलें जातें, अंग चांचपलें जातें, हातांवरून कापडाचा तुकडा फिरवून स्फोटक द्रव्याचा अंश आहे काय तें पाहिलें जातें. कोणत्याहि यादींत नसलेल्या प्रवाशांच्या पासावरहि हीं अक्षरें कधींमधीं यदृच्छेनें छापलीं जातात, हें खरें. परंतु ज्याच्या पासावर तीं प्रत्येक वेळीं येतात, त्याला यदृच्छेचें कारण पटावें कसें?

या याद्यांत नांवांचा घोळ मोठा आहे. महंमद, मोहम्मद, मुहम्मद हीं एकाच नांवाचीं रूपें आपणहि निरनिराळ्या तऱ्हांनीं लिहितों. रोमन लिपींत तर त्यांची संख्या आणखी वाढते. शिवाय हें नांव धारण करणारे लोक जगांत कोट्यवधि. तेव्हां यादींतला महंमद एक असला, तरी अडविले जाणारे महंमद अनेक होतात. २००४ सालीं अमेरिकेचे ज्येष्ठ सेनेटर एडवर्ड केनेडी यांनाच नामसादृश्यामुळें विमानतळावर वारंवार अडविण्यांत आलें. थेट वरिष्ठांशीं बोलूनहि तो घोळ निस्तरावयास त्यांना कित्येक आठवडे लागले. सेनेटरची ही गत, तर विद्यार्थ्याची काय होत असेल?

ती काय होते, याचा लेखी पुरावा आहे. मलेशियाची एक स्त्री अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत संशोधन करीत होती. २ जानेवारी २००५ रोजीं आपल्या चौदा वर्षांच्या मुलीसह ती सॅन फ्रॅन्सिस्कोच्या विमानतळावर आली. शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळें ती चाकांच्या खुर्चींत होती. तिला बेड्या घालून कोठडींत नेण्यांत आलें. कांहीं वेळानें सोडून दुसऱ्या दिवशीं जाऊं देण्यांत आलें. परंतु पुढें तिचा परवाना रद्द झाला आणि तिला परत येतां येईना. तिनें सरकारवर दावा लावला. तो डिसेंबर २०१३ मध्यें सुनावणीस आला आणि जानेवारी २०१४ मध्यें त्याचा निकाल लागला, तेव्हां उलगडा झाला. एका सरकारी अधिकाऱ्यानें नोव्हेंबर २००४ मध्यें छापील नमुना भरतांना चुकीच्या चौकटींत खूण केली होती! सूचना नीट न वाचल्यामुळें झालेली ही चूक कबूल होण्यास नऊ वर्षें गेलीं.

अधिकाऱ्यांच्या संशयाहून निराळा आणखी एक संशय असतो. तो शेजारच्या आसनावरून येतो. एप्रिल २०१६ मध्यें कॅलिफोर्नियांतील एक तरुण विद्यार्थी, मूळचा इराकी निर्वासित, विमानांत बसून बगदादमधील आपल्या चुलत्याशीं फोनवर अरबींत बोलत होता. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणिसांचें भाषण ऐकून आल्याचा आनंद तो चुलत्याला सांगत होता. निरोप घेतांना त्यानें 'इन्शाअल्ला' म्हणजे 'ईश्वरेच्छेनें' असा शब्द उच्चारला. जवळच्या एका प्रवाशानें तक्रार केली आणि त्याला विमानांतून उतरविण्यांत आलें. त्याच वर्षीं इंग्लंडमधील एका मुस्लिम तरुणीला मधुचंद्राहून परततांना डॉन्कास्टरच्या विमानतळावर पोलिसांनीं थांबविलें. कारण जातांना ती सीरियांतील कलेविषयीं एक पुस्तक वाचीत होती आणि तें विमानांतील नोकरवर्गाच्या डोळ्यांवर आलें होतें. ब्रिटनच्या २००० सालच्या कायद्यानें बंदरावर वा विमानतळावर प्रवाशाला, विशिष्ट संशय नसतांहि, थांबवून प्रश्न विचारण्याचा अधिकार दिलेला आहे. आणि मे २०१६ मध्यें तर एका विमानांत सावळ्या वर्णाच्या, कुरळ्या केसांच्या प्रवाशाचीं अगम्य अक्षरें पाहून शेजारीण घाबरली. चौकशीअंतीं तो प्रवासी अर्थशास्त्राचा प्राध्यापक व जन्मानें इटालियन निघाला. तीं अक्षरें गणिताचीं समीकरणें होतीं. जन्मावरून संशय घेणाऱ्याला जन्मदेखील नीट ओळखतां येत नाहीं!

यावर एक आक्षेप प्रामाणिकपणें घेतला जातो, आणि त्याला उत्तर दिलें पाहिजे. "विमानांतील शेंकडों जिवांचा प्रश्न असतां, थोड्यांना थोडा त्रास झाला तर काय बिघडलें?" असें लोक विचारतात. थोडा हिशेब करून पाहूं. समजा, दहा लाख तरुण प्रवासी आहेत आणि त्यांत दुष्ट हेतूचे दोन आहेत. अधिकारी इतका निष्णात आहे कीं, शंभरांपैकीं नव्याण्णव वेळां त्याचा अंदाज बरोबर ठरतो. तरीदेखील सुमारें दहा हजार निरपराध लोक त्याच्या खोलींत जमा होतील आणि त्या गर्दींत ते दोघे शोधावे लागतील. उलट, ज्याचें नांव व चेहरा ठराविक सांच्यांत बसत नाहीं, त्याला वाट मोकळी. डिसेंबर २००१ मध्यें पॅरिसहून निघालेल्या विमानांत बुटांत स्फोटक घेऊन चढलेल्या इसमाचें नांव रिचर्ड रीड असें होतें आणि त्याच्याजवळ ब्रिटिश पासपोर्ट होता.

१७ एप्रिल १९८६ रोजीं लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एका आयरिश गर्भवती तरुणीच्या पिशवींत स्फोटक सांपडलें. तें तिच्या जॉर्डेनियन वाग्दत्त वरानें तिला न कळत ठेविलें होतें. नांव, रूप आणि स्थिति पाहून कोणाला तिचा संशय आला असता? तपासनिसानें तिला प्रवासाविषयीं शांतपणें प्रश्न विचारले, पिशवी रिकामी करूनहि जड लागते हें पाहिलें, आणि कट उघडकीस आला. ३७५ प्रवासी वांचले ते नेमक्या प्रश्नांमुळें व पिशवीच्या वजनामुळें.

तपासणी हा अपमान नव्हे, हेंहि सांगितलें पाहिजे. एप्रिल २००९ मध्यें दिल्लीच्या विमानतळावर माजी राष्ट्रपति अब्दुल कलाम यांची झडती घेण्यांत आली, तेव्हां देशांत संताप झाला व विमान कंपनीनें क्षमा मागितली. स्वतः कलामांनीं मात्र त्याचा बाऊ केला नाहीं. नियम सर्वांना सारखा असेल तर थोरानेंहि रांगेंत उभें राहावें. अपमान आहे तो असमानतेंत. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें शाहरुख खान यांना अमेरिकेंतील नेवार्क येथें थांबवून घेण्यांत आलें, तेव्हां आपल्या आडनांवामुळें हें घडलें असें त्यांनीं सांगितलें. ती नेहमींचीच चौकशी होती, असें अधिकाऱ्यांचें म्हणणें पडलें. २०१६ सालीं तसाच प्रसंग पुन्हां आला, तेव्हां अमेरिकेच्या राजदूतानें दिलगिरी व्यक्त केली. प्रसिद्ध नटासाठीं राजदूत धांवतो. आपल्या रांगेंतल्या विद्यार्थ्यासाठीं कोणी धांवत नाहीं.

तो मग स्वतःच धडे शिकतो. दोन तास आधीं निघावें. प्रवासापूर्वीं दाढी करावी. विमानांत आईचा फोन आला तरी मातृभाषेंत बोलूं नये. पुस्तक कोणतें घ्यावें याचा विचार करावा. प्रश्नाला उत्तर देतांना हंसावें, पण फार हंसूं नये. रागावण्याचा हक्क त्याला नाहीं. कारण राग हाच पुरावा ठरेल. विसाव्या वर्षीं मनुष्यानें जग पाहण्यास निघावें. हा मुलगा जग आपल्याकडे कसें पाहतें याची चिंता करीत निघतो. आणि जें राज्य त्याला परका समजतें, त्या राज्याला कधीं खरी माहिती द्यावयाची वेळ आली, तर तो मोकळेपणानें पुढें येईल काय?

हें दूरदेशचें दुखणें म्हणून आपण हात झटकूं नयेत. १८७१ सालीं ब्रिटिश सरकारनें आपल्या देशांत गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढें त्याची व्याप्ति मुंबई इलाख्यापर्यंत वाढविली. पारधी, कैकाडी यांसारख्या जमातींत जन्मणें हाच गुन्हा ठरला. हजेरी द्यावयाची, गांव सोडतांना परवाना घ्यावयाचा. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला व या जमाती 'विमुक्त' म्हणविल्या गेल्या. परंतु कायदा गेला तरी गांवांत चोरी झाली कीं पहिला संशय पारध्याच्या पालावर जातो, हें आपणांस ठाऊक आहे. संशय कायद्यानें लावतां येतो. नुसता कायदा काढून तो जात नाहीं.

उपाय अगदींच नाहींत असें नव्हे. तपासणी करावी ती सर्वांची, किंवा खरोखर यदृच्छेनें. विशेष चौकशी करावी ती वागणुकीवरून अथवा ठोस माहितीवरून. यादींत नांव असल्यास तें सांगावें आणि खोडून काढण्याची संधि द्यावी. जून २०१४ मध्यें अमेरिकेंतील एका न्यायालयानें ही संधि पुरेशी मिळत नाहीं असा निर्णय दिला, आणि त्यानंतर सरकारला आपल्या नागरिकांच्या बाबतींत पद्धत बदलावी लागली.

उरला प्रश्न आपला, म्हणजे रांगेंतल्या इतरांचा. तो पहिला विद्यार्थी पलीकडे सामान घेऊन उभा आहे. मित्र बाहेर येईपर्यंत त्यानें थांबावें, आणि आल्यावर "एवढें काय मनावर घेतोस?" असें म्हणूं नये. आपल्याला जो प्रश्न कोणी विचारला नाहीं, तो त्याला दर वेळीं कां विचारला जातो, हें त्यानें मोठ्यानें विचारावें. तो प्रश्न दुसऱ्या विद्यार्थ्यानें विचारला तर उद्धटपणा ठरतो. पहिल्यानें विचारला तर त्याचें उत्तर द्यावें लागतें.