बोटांपुरती जागा

श्रोतेहो, ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात मेजवानीच्या टेबलावरून धावणारी चांदीची आगगाडी आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी तिच्याविषयी ऐकले तरी असेलच. शिंदे सरकारांच्या नावाची सात इंग्रजी अक्षरे सात डब्यांवर मिरवीत ही गाडी पाहुण्यांपुढे मद्य आणि चिरूट घेऊन येई. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबे आणि सुरई जागेवर ठेवली की पुन्हा चालू लागे. ही गाडी कोणत्या रेल्वेवरची, कोणत्या सालची, असा प्रश्न मात्र ती पाहताना कोणी विचारीत नाही. विचारण्याचे कारणही नाही. कारण तो एक दागिना आहे.

आज ज्या छंदाविषयी मला बोलायचे आहे, तो नेमका याच प्रश्नापासून सुरू होतो. हा छंद विशेष वाढला तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत. वाफेच्या इंजिनांच्या काळात, म्हणजे साधारणतः १९६० पर्यंत, तेथील लोहमार्गांवर ज्या मालवाहू वाघिणी धावत, त्यांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती घडवायच्या आणि रंगवायच्या, असा हा उद्योग आहे. १९३५ साली विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरी या छंदिष्टांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि रूळ, चाके व कपलिंग यांची मापे तिने ठरवून दिली. त्यामुळे एकाची वाघीण दुसऱ्याच्या रुळांवर चालू शकते.

कोणी म्हणेल, इंजिनासारखे देखणे यंत्र सोडून ही माणसे वाघिणींच्या मागे का लागतात? त्याचे कारण असे की, इंजिन बहुधा आपल्याच कंपनीच्या मार्गावर राही. वाघीण मात्र देशभर फिरे. पेनसिल्व्हेनियातील कंपनीची वाघीण कॅलिफोर्नियात आणि टेक्ससमधली न्यू इंग्लंडात दिसणे ही नित्याची गोष्ट होती. म्हणून कोणत्याही एका मार्गावरील खरीखुरी मालगाडी उभी करायची, तर डझनावारी कंपन्यांच्या वाघिणी ओळखाव्या लागतात. एखादी मालगाडी समोरून गेली म्हणजे सारा देशच समोरून गेल्यासारखे होई.

आता मापाकडे वळू. या छंदात सर्वाधिक रूढ असलेल्या मापाला 'एच-ओ' म्हणतात. इंग्लंडात 'ओ' नावाचे जे माप होते, त्यात खऱ्या एका फुटाला ७ मिलिमीटर धरीत. त्याच्या निम्मे म्हणजे साडेतीन मिलिमीटर, म्हणून हे अर्धे-ओ. खरी वस्तू ८७ पट लहान केली म्हणजे हे माप येते. अमेरिकेतील सर्वसामान्य बंद वाघीण आतून साडेचाळीस फूट लांब असे. या मापात तेवढी लांबी १४ सेंटिमीटरांहून थोडी अधिक भरते. म्हणजे वाघीण तळहातावर मावते.

परंतु सर्वच गोष्टी ८७ने भागून चालत नाहीत. वजनाचेच पाहा. पोलादी बंद वाघीण रिकामी असताना सुमारे ४५,००० पौंड भरे. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही ८७ पट घटल्या म्हणजे वजन साडेसहा लाखांहून अधिक पट घटते आणि अवघे ३१ ग्रॅम उरते. एवढी हलकी वाघीण वळणावर रूळ सोडील. म्हणून संघटनेने नियम घातला की, मूळ वजन एक औंस आणि शिवाय लांबीच्या दर इंचामागे अर्धा औंस असावा. सहा इंची वाघिणीला चार औंस, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम वजन पडते. त्यासाठी आत शिसे किंवा पोलादाचा तुकडा दडवतात. चाकांच्या बाबतीतही अशीच तडजोड आहे. रूढ चाक प्रमाणापेक्षा बरेच रुंद असते. तात्पर्य, प्रतिकृती करणाऱ्याला कोठे ना कोठे सत्याला मुरड घालावीच लागते. प्रामाणिकपणा एवढाच की, ती कोठे घातली हे त्याला ठाऊक असावे आणि जेथे गरज नाही तेथे घालू नये.

यानंतर येतो सर्वांत अवघड प्रश्न: प्रतिकृती करायची ती वाघिणीच्या आयुष्यातील कोणत्या दिवसाची? एक उदाहरण घेऊ. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१७ मध्ये, अमेरिकन सरकारने लोहमार्गांचा कारभार स्वतःच्या हाती घेतला, तो मार्च १९२० पर्यंत. या काळात सरकारी प्रशासनाने ठरीव नमुन्याच्या एक लाख वाघिणींची मागणी नोंदविली. त्यांतील एका नमुन्याची बंद वाघीण ४० टनी असून तिच्या बाजूंना आतून आणि बाहेरून लाकडी फळ्या होत्या. टोकांच्या भिंती मात्र पन्हळी पोलादाच्या होत्या. १९१९ साली तिच्या पोटाखाली जुन्या पद्धतीचे 'के' ब्रेक होते. १९३३ पासून नव्या वाघिणींना 'एबी' पद्धतीचे ब्रेक आले आणि मग जुन्यांनाही ते क्रमाक्रमाने बसविण्यात आले. नव्या ब्रेकमध्ये हवेची टाकी, सिलिंडर आणि झडप असे तीन वेगळे भाग वाघिणीखाली दिसतात. पुढे यांपैकी अनेक वाघिणींच्या लाकडी बाजू काढून तेथे पोलादी पत्रे ठोकण्यात आले. म्हणजे वाघीण तीच, पण १९२०ची निराळी आणि १९४५ची निराळी. ज्याने लाकडी बाजू आणि जुने ब्रेक दाखवून तिच्यावर १९५५ सालची तारीख लिहिली, त्याने कितीही सफाईने काम केले असले तरी ते खोटेच ठरते.

रंगाची कथाही अशीच आहे. बंद वाघिणी बहुधा तांबूस तपकिरी असत. लोखंडाच्या गंजाच्या जातीचा मातकट रंग स्वस्त पडे आणि टिके, म्हणून तो सर्वांनी पत्करला. परंतु प्रत्येक कंपनीची छटा वेगळी. जुन्या छायाचित्रांवरून ही छटा ठरवू गेल्यास फसगत होते. पूर्वीच्या एका जातीच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे, त्यामुळे तांबडी वस्तू चित्रात जवळजवळ काळी उमटे. सुदैवाने १९४२-४३ साली जॅक डेलानो या सरकारी छायाचित्रकाराने शिकागोच्या मालधक्क्यांवर रंगीत चित्रे घेतली. ती आज अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयात आहेत. त्यांत वाघिणींच्या रांगाच्या रांगा दिसतात, आणि एका 'तांबूस' शब्दाखाली किती छटा लपलेल्या होत्या हेही दिसते. कोठे ताज्या विटेचा रंग, कोठे काजळीने काळवंडलेला, तर कोठे उन्हाने विटलेला.

खरा रंग सापडला तरी तो जसाच्या तसा द्यायचा नसतो. ही प्रतिकृती आपण ६० सेंटिमीटरांवरून पाहतो, तेव्हा खरी वाघीण ५२ मीटरांवरून पाहिल्यासारखे होते. तेवढ्या अंतरावर मधल्या हवेमुळे रंग किंचित फिका भासतो. म्हणून जाणकार मूळ रंगात थोडा पांढरा किंवा राखी मिसळतात, आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या पिचकारीने त्याचा इतका पातळ थर देतात की रिव्हेटची टोपी बुजू नये. अक्षरे पाण्यात भिजवून चिकटवावयाची असतात. त्यांसाठी आधी गुळगुळीत वार्निश आणि नंतर चकाकी मारणारे निस्तेज वार्निश लावतात. शेवटी रंगीत खडूची पूड मऊ कुंचल्याने फिरवून धूळ आणि काजळी दाखवितात. येथे हात आवरावा लागतो. कारण काल रंगविलेली वाघीण आणि दहा वर्षे राबलेली वाघीण एकाच गाडीत शेजारी शेजारी असत.

त्या अक्षरांनाही अर्थ असतो. ५० टनी वाघिणीवर तिचे रिकामे वजन आणि तिच्यात भरता येणाऱ्या मालाची मर्यादा लिहिलेली असे. त्या काळी या दोन आकड्यांची बेरीज १,६९,००० पौंड येई, कारण आस आणि बोग्या तेवढाच भार पेलीत. वाघीण ४५,००० पौंडांची, तर माल १,२४,००० पौंडांचा. दुरुस्त्यांनी वजन बदले, म्हणून ठराविक मुदतीने वाघीण पुन्हा तोलीत, जुने आकडे पुसून तेथे ताज्या रंगाचा चौकोन देत आणि त्यावर नवे आकडे, स्थानकाची खूण आणि महिना-साल लिहीत. प्रतिकृतीवर हा नखाएवढा चौकोन दिसला की समजावे, करणाऱ्याने दिवस निवडला आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला, तिच्याकडे येतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त संचांत वाघिणीच्या शिड्या आणि हाताने धरावयाच्या कांबी भिंतीबरोबरच साच्यात ओतलेल्या असतात. दुरून त्या ठीक दिसतात. पण चोखंदळ कारागीर धारदार पात्याने त्या सगळ्या तासून काढतो, केसासारख्या बारीक सुईने भोके पाडतो आणि प्रत्येक ठिकाणी तारेची वेगळी कांब बसवितो. एका वाघिणीत त्याच्या कित्येक संध्याकाळी जातात. एवढा खटाटोप कशासाठी?

याचे उत्तर त्या कांबींच्या इतिहासात आहे. आरंभी अमेरिकेत दोन वाघिणी कडी आणि खिळीने जोडीत. ब्रेकमन दोन वाघिणींच्या मध्ये उभा राही, येणाऱ्या वाघिणीची कडी हाताने खोबणीत घाली आणि खिळी टाकी. क्षणाचा उशीर झाला की बोटे जात, कधी प्राणही जात. ब्रेक लावण्यासाठी धावत्या गाडीच्या टपावरून, पाऊस असो की बर्फ, एका वाघिणीवरून दुसरीवर जावे लागे. आयोवा राज्यातील लोरेंझो कॉफिन यांनी १८७४ साली एका ब्रेकमनची उरलीसुरली दोन बोटे डोळ्यांदेखत तुटताना पाहिली, आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे त्यांनी या एकाच कामाचा ध्यास घेतला. २ मार्च १८९३ रोजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी सुरक्षा-साधनांच्या कायद्यावर सही केली. आपोआप जुळणारी कपलिंगे, हवेचे ब्रेक आणि हाताने धरावयाच्या कांबी हे त्या कायद्याचे मुख्य विषय होते. १९११ साली आंतरराज्य वाणिज्य आयोगाने प्रत्येक कांबीची संख्या, जागा आणि माप ठरवून दिले. कांब किमान पाच-अष्टमांश इंच जाड असावी, आणि तिच्यामागे किमान दोन इंच मोकळी जागा असावी.

ही दोन इंच जागा कशाची, श्रोतेहो? हातमोजा घातलेल्या मुठीची. साच्यात ओतलेल्या कांबीमागे नेमकी तीच नसते. तेथे बोटे शिरू शकत नाहीत. तेथे कोणी माणूस चढू शकत नाही. कारागीर ०.१८ मिलिमीटरची तार भिंतीपासून अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित पुढे बसवितो, तेव्हा तो बारकाव्याची हौस भागवीत असतो हे खरे. पण त्याबरोबरच एका माणसाच्या मुठीसाठी झगडून मिळविलेली जागा तो राखीत असतो. टपावरची पायवाट १९६६ पासून नव्या वाघिणींवर घालणे बंद झाले. त्या काळच्या वाघिणी बहुतेक सगळ्या मोडीत गेल्या. थोड्या संग्रहालयांत उरल्या आहेत. बाकीच्यांची साक्ष आता नकाशे, छायाचित्रे आणि अशा प्रतिकृती देतात. साक्षीदाराने नीट आठवून बोलावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

जाता जाता आपल्या दाराशी येऊ. १८६२ साली बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात डभोईचा अरुंद मार्ग बैलांच्या बळावर सुरू झाला. ग्वाल्हेरहून श्योपुरला जाणारी दोन फुटी गाडी २०२० साली थांबली. मुरगावहून घाट चढणारा मीटरगेज मार्ग रुंद झाला. या मार्गांवर वाघिणी होत्या, त्यांना कांबी होत्या आणि त्या धरून चढणारी माणसे होती. त्यांपैकी काही आपल्याच गावांतली. एखादी जुनी वाघीण स्थानकाबाहेर शोभेसाठी उभी केलेली दिसली, तर मोजपट्टी घेऊन जावे. तिची लांबी, फळ्यांची रुंदी, पुसट झालेला क्रमांक आणि शेवटच्या मोठ्या दुरुस्तीची तारीख वहीत उतरून घ्यावी. आणि शिडीवरचा हात कधी निसटला होता का, हे घरातल्या एखाद्या निवृत्त रेल्वे कामगाराला विचारावे. प्रतिकृती पुढे कोणी तरी करील. माप घेण्याचे काम मात्र वाघीण उभी आहे तोवरच होऊ शकते.